पोन आणि होन : ‘साऊथ लूक’ नेमका कुणाचा?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, जे कंपनीच्या बसमधे हेडफोन विसरून आलेत, किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय मला घरातच मिळाला. माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलंय. आपल्या रायगडातलं लग्न म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. हळदीला एक लूक, लग्नाला दुसरा, रिसेप्शनला तिसरा. मेकअपवाल्या ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पॅकेज पाठवलं. त्यात पेशवाई लूक होता, नऊवारी लूक होता आणि साऊथ लूक होता. बहिणीने एका सेकंदात साऊथ लूक निवडला. फोटो तिच्या फोनमधे तयारच होते. ‘पोन्नियिन सेल्वन’मधली त्रिशा, ‘बाहुबली’तली अनुष्का शेट्टी, कांजीवरम नेसलेली रेखा. “हा हार, हे झुमके, हा कमरपट्टा. बस, एवढंच.”

एवढंच! सोन्याचा भाव बघितलाय का? मामा म्हणाला, “सिनेमातल्या बायकांची नक्कल करायला कशाला एवढा खर्च?” मामीने मात्र मार्ग काढला. आजीची पुतळ्यांची माळ आणि बुगड्या कपाटात पडूनच आहेत. कोण घालतं आता? मोडीत देऊ. घट धरली, घडणावळ धरली, तरी एक बऱ्यापैकी टेंपल हार होईल.

आजी काहीच बोलली नाही. तिने डबा उघडला, फडक्यात गुंडाळलेल्या बुगड्या काढल्या आणि नातीच्या हातात ठेवल्या. “तुझ्याच आहेत. काय करायचं ते कर.”

खरं सांगू? मला त्या रात्री झोप लागली नाही. घरातले सगळे एक गोष्ट धरून चालले होते : आजीचं ते जुनं आणि मराठी, बहिणीचं ते नवं आणि साऊथचं. मी वाचत गेले तसं लक्षात आलं, ही वाटणीच मुळात चुकलेली आहे. कशी, ते सांगते.

एका देवळाच्या भिंती

सुरुवात त्रिशापासूनच करू. ‘पोन्नियिन सेल्वन’ २०२२ मधे आला. मणिरत्नमचा सिनेमा, कल्कींच्या तमिळ कादंबरीवरचा. त्यात त्रिशा कुंदवै नावाची चोळ राजकन्या आहे. तिचे ते केसातले, गळ्यातले, दंडातले दागिने बघून देशभरातल्या नवऱ्या मुलींनी स्क्रीनशॉट काढले. हे दागिने हैदराबादच्या जवाहिऱ्यांनी सिनेमासाठी खास घडवले होते.

आता गंमत ऐका. कुंदवै ही खरी बाई होती. राजराज चोळाची थोरली बहीण. राजराजाने तंजावरला बृहदीश्वराचं प्रचंड देऊळ बांधलं, ते १०१० मधे पूर्ण झालं. त्या देवळाच्या दगडावर तमिळमधे लेख कोरलेले आहेत, आणि त्यांत कुणी देवाला काय दागिना दिला याची यादी आहे. साधीसुधी यादी नाही. दागिन्याचं नाव, सोन्याचं वजन, मोती किती, खडे किती, त्यातले सदोष कुठले, असा हिशोब आहे. आजच्या सराफाच्या बिलात नसेल एवढा तपशील! या देणाऱ्यांमधे कुंदवैचंही नाव आहे.

त्याच देवळात आणखी एक मोठा लेख आहे. तो कुठल्या भाषेत आहे? मराठीत. १८०३ मधे कोरलेला. भोसले घराण्याचा इतिहास त्यात आहे, आणि जगातल्या खूप लांबलचक शिलालेखांमधे त्याची गणना होते.

तंजावरच्या देवळात मराठी कुठून आली? तर शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे. १६७६ च्या सुमाराला त्यांनी तंजावरची गादी घेतली आणि भोसल्यांचं राज्य तिथे १८५५ पर्यंत चाललं. म्हणजे जवळपास पावणेदोनशे वर्षं. आपण शाळेत एका ओळीत वाचतो आणि पुढे जातो. पण पावणेदोनशे वर्षं म्हणजे सात-आठ पिढ्या झाल्या. तेवढ्या पिढ्या मराठी घरातल्या मुली तिथे जन्मल्या, सासरी गेल्या, दागिने ल्याल्या. ज्या गावाचा दागिना आज आपण ‘साऊथचा’ म्हणून मागतोय, त्या गावात मराठी बोलणाऱ्या बायका शेकडो वर्षं राहत होत्या.

टेंपल ज्वेलरी कुणाची?

आता ‘टेंपल ज्वेलरी’ हा शब्द घेऊ. अर्थ सरळ आहे : देवळातला दागिना. आधी देवाच्या मूर्तीसाठी घडवलेला, मग देवापुढे नाचणाऱ्या बाईच्या अंगावर आलेला. लाल-हिरवे खडे असतात त्याला केंप म्हणतात. मोर, हंस, लक्ष्मी, कोयरीच्या आकाराचे आंबे. डोक्यावर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. कन्याकुमारी जिल्ह्यात नागरकोईलजवळ वडसेरीला हे काम करणारी कारागीर घराणी आहेत, आणि नागरकोईलच्या टेंपल ज्वेलरीला जीआय मानांकनही मिळालंय. तिथे पुष्कळदा चांदीच्या पत्र्यावर खडे बसवून वर सोन्याचा वर्ख देतात. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

मघाच्या तंजावरच्या लेखांमधे नाचणाऱ्या बायकांचीही यादी आहे. चारशे जणी. वेगवेगळ्या देवळांतून आणलेल्या, प्रत्येकीचं नाव, राहायला कुठलं घर दिलं, वर्षाला किती भात मिळणार, सगळं कोरलेलं. एक हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांची नावं! आपल्या पणजीच्या आईचं नाव आपल्याला सांगता येतं का, विचार करा.

पुढे मराठ्यांच्या काळात तंजावरच्या दरबारात या नाचाला मोठा आश्रय मिळाला. दुसरे सरफोजी महाराज, म्हणजे १७९८ ते १८३२ राज्य केलेले, त्यांच्या दरबारात चार भाऊ होते : चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु. भरतनाट्यमच्या कार्यक्रमात आज जो क्रम असतो, आधी अलारिप्पु, शेवटी तिल्लाना, तो बांधण्याचं श्रेय या चौघांना देतात. मराठी राजाच्या दरबारात. आणि १८८० मधे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्या बडोद्याला चिमणाबाई झाल्या, तेव्हा नवरीबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे साथीदारही बडोद्याला आले. म्हणजे दक्षिणेतला नाच आणि त्याचा साज मराठी दरबारात यायला सिनेमाची वाट बघावी लागली नव्हती.

पण या बायकांचं पुढे काय झालं? विसाव्या शतकात देवदासी म्हटलं की लोक नाकं मुरडायला लागले. काहींचं शोषण होत होतं, हे खरंच होतं, आणि १९४७ मधे मद्रास प्रांतात मुली देवाला वाहण्यावर कायद्याने बंदी आली. बंदी योग्यच होती. पण नाच ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यातल्या कित्येकींना त्याबरोबर घर, मान आणि पोट सगळंच सोडावं लागलं. त्याआधी १९३५ मधे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासमधे हाच नाच रंगमंचावर केला. ब्राह्मण घरातली बाई हा नाच करते, यानेच खळबळ उडाली. पुढे चांगल्या घरच्या मुली भरतनाट्यम शिकायला लागल्या. नाच ‘प्रतिष्ठित’ झाला आणि दागिनेही त्याच्याबरोबर प्रतिष्ठित झाले.

मग आला सिनेमा. वैजयंतीमाला १९५१ च्या ‘बहार’मधून हिंदीत आल्या. पद्मिनी आल्या. १९६८ मधे हेमामालिनी आल्या. तिघीही भरतनाट्यम शिकलेल्या. पडद्यावर त्या नाचल्या की अंगावर तेच केंपचे दागिने. जो साज एका काळी देवळातल्या बाईचा होता, तो नाचणारीचा झाला, मग हिरॉइनचा झाला आणि आता माझ्या मामेबहिणीच्या फोनमधे आहे. हिरॉइनने तो आपल्यापर्यंत पोचवला, हे मान्य. पण तिच्या मागे उभ्या असलेल्या त्या चारशे जणींना आपण विसरून गेलो.

आता आजीचा डबा

इथून गाडी परत रोह्याला आणते. आपल्या रोहा स्टेशनची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते : कोकण रेल्वे इथे सुरू होते आणि थेट मंगळूरजवळ ठोकूरला संपते. १९९८ पासून हा पूर्ण रस्ता चालू आहे. आपण प्लॅटफॉर्मवर उभे असतो आणि समोरून केरळची गाडी जाते. दक्षिण आपल्याला कधीच लांब नव्हती. रेल्वे नव्हती तेव्हाही.

पुतळ्यांची माळ घ्या. पुतळी म्हणजे सोन्याचं गोल नाणं, त्याच्यावर माणसाची आकृती. ही कल्पना आली इटलीतल्या व्हेनिसहून! व्हेनिसचे सोन्याचे डुकाट मिरी आणि कापडाच्या व्यापारात आपल्या किनाऱ्यावर यायचे. त्यावर तिथला राजप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला असायचा. आपल्या लोकांना त्या संताशी काय देणंघेणं? त्यांना दिसली सोन्यावरची पुतळी. मग इथल्या सोनारांनी स्वतःचे साचे केले. धाटावला कंपन्यांच्या बाजूने जी कुंडलिका वाहते, ती पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, आणि तिथेच चौल आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यापाऱ्याला माहीत असलेलं बंदर. असल्या बंदरांतूनच परदेशी सोनं या किनाऱ्यावर उतरायचं.

आणि दक्षिणेत काय? तिथे आहे कासुमाळ. कासु म्हणजे नाणं. नाण्यांची माळ. नाण्यावर बहुतेक वेळा लक्ष्मी असते. आजीची पुतळ्यांची माळ आणि साऊथ लूकमधली कासुमाळ शेजारी ठेवा. दोघी बहिणी-बहिणी दिसतील.

आता या भागाचं नाव ज्यावरून ठेवलं, ते. ६ जून १६७४. रायगडावर राज्याभिषेक. महाराजांनी सोन्याचं नाणं पाडलं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. त्या नाण्याचं नाव काय? होन. हा शब्द कन्नडमधला. होन्नु म्हणजे सोनं. जुन्या कन्नडमधल्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला, म्हणून आधी तो शब्द होता पोन्नु. आणि तमिळमधे सोन्याला म्हणतात पोन. तमिळ लोक कावेरी नदीला प्रेमाने पोन्नी म्हणतात, सोन्यासारखी. ‘पोन्नियिन सेल्वन’ म्हणजे त्या पोन्नीचा लेक. लागला का दिवा? त्रिशाच्या सिनेमाच्या नावातलं सोनं आणि रायगडावरच्या नाण्याच्या नावातलं सोनं हा मुळात एकच शब्द आहे. स्वराज्य आपलं, नाणं आपलं, आणि त्याचं नाव दक्षिणेचं. त्यात कुणाला काही कमीपणा वाटला नाही.

कपाटात आणखी शोधा. आजीचं इरकल असेल. ते नाव आलं इळकल गावावरून, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं. खणाची चोळी असेल. खणाचं मोठं गाव गुळेदगुड्ड, तेही बागलकोट जिल्ह्यातच. आज आपण खणाच्या साडीला ‘एकदम मराठमोळी’ म्हणतो. म्हणा की! वापरून वापरून ती आपली झालीच आहे. बुगडी कानाच्या वरच्या पाळीत घालतात, ती कर्नाटकातही आहे, नावासकट. दंडातली आपली वाकी आणि तिकडची वंकी, नावंसुद्धा किती जवळची.

मग साऊथ लूक नक्की कुठे सुरू होतो आणि मराठी लूक कुठे संपतो? मला तरी रेघ सापडली नाही.

नक्कल म्हणायच्या आधी

मामाचं एक वाक्य मात्र डोक्यात राहिलं होतं. ‘सिनेमातल्या बायकांची नक्कल.’

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. महाड, डिसेंबर १९२७. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वर्षी झालेली दुसरी परिषद, मनुस्मृतीचं दहन झालं ती. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी वेगळं बोलले. आणि कशावर बोलले? साडी आणि दागिन्यांवर. गळ्यातल्या गळसऱ्यांचे ढीग, हातभर कथलाच्या आणि चांदीच्या पाटल्या, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, या सगळ्यावरून लांबूनच कळतं की ही बाई ‘अस्पृश्य’ आहे, तेव्हा ही खूण टाकून द्या आणि इतर बायका नेसतात तशी घोट्यापर्यंत साडी नेसा, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. कित्येकींनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली.

विचार करा. दुसऱ्या बायकांसारखी साडी नेसणं याला कुणी नक्कल म्हणेल. त्या बायकांसाठी ती मोकळीक होती. कुणी काय घालायचं, कुठलं सोनं कुणाच्या अंगावर शोभतं, हे शेकडो वर्षं दुसरेच ठरवत आले. त्यामुळे आजची एखादी मुलगी फोनमधे फोटो दाखवून म्हणते ना, “मला असं दिसायचंय”, तेव्हा मला हसू येत नाही. कुठल्याही जातीची, कुठल्याही गावची मुलगी राजकन्येसारखा हार मागू शकते, ही साधी गोष्ट नाही. ती मिळवायला बायकांना फार चालावं लागलंय.

मग डब्याचं काय झालं?

एवढं सगळं वाचून मी मोठ्या तयारीने आजीकडे गेले. म्हटलं, आजीला सांगू, तुझ्या बुगड्या किती जुन्या परंपरेच्या आहेत, मोडू देऊ नकोस. आजीने ऐकून घेतलं. मग हसली.

म्हणाली, “परंपरा कसली गं? मी जयश्री गडकरची बघून केलेल्या त्या.”

‘सांगत्ये ऐका’ आला १९५९ मधे. अनंत मानेंचा सिनेमा, पुण्यात १३१ आठवडे चालला. त्यातल्या जयश्री गडकरांच्या लावणीत बुगडी आहे, आणि ती लावणी तुमच्या घरात आजही कुणाला तरी पाठ असेल. आमच्याकडे तो सिनेमा तंबूत आला होता. आजीचं नुकतंच लग्न झालेलं. तिने आजोबांकडे हट्ट धरला. दोन वर्षं पैसे साठवून आजोबांनी बुगड्या करून दिल्या. आणि पणजी, म्हणजे आजीची सासू, काय म्हणाली असेल? “तमाशातल्या बायकांचे दागिने आपल्या घरात नकोत.” आजी बरीच वर्षं त्या फक्त माहेरी जाताना घालायची.

मी गप्पच बसले. ज्या बुगड्यांना मी परंपरा समजत होते, तो आजीच्या काळातला फिल्मी लूक होता. तिलाही कुणीतरी तेच ऐकवलं होतं, जे मामाने माझ्या बहिणीला ऐकवलं. आणि तिथेही मागे उभ्या होत्या नाचणाऱ्या बायकाच. ज्यांना घरात घ्यायचं नाही, पण ज्यांचा दागिना हवासा वाटतो.

आजीने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. बहीण शेजारीच बसून ऐकत होती.

ठरलं काय, ते सांगते. टेंपल हार आणि कमरपट्टा भाड्याने आणायचा. वडसेरीचं आठवतंय ना? मूळ कामच पुष्कळदा चांदीवर सोन्याचा वर्ख दिलेलं असतं, त्यामुळे ‘अस्सल सोनंच पाहिजे’ हा आग्रह तसा फोल आहे. कासुमाळेच्या जागी आजीची पुतळ्यांची माळ घालायची. मेकअपवाल्या ताई आधी नाही म्हणाल्या, मग गळ्याला लावून बघितल्यावर त्यांनीच फोटो मागितला. बुगड्यांचा घोळ अजून आहे, कारण बहिणीचे कान वरच्या बाजूला टोचलेले नाहीत आणि तिला टोचायची भीती वाटते. मामी अजूनही म्हणते, सोनं ते सोनं, आकारात काय आहे. तिचंही अगदीच चूक नाही. तिने अडचणीच्या दिवसांत सोनं गहाण ठेवून घर चालवलंय, तिला दागिन्यात आधी वजन दिसतं. पण डबा सध्या तरी परत कपाटात गेलाय.

तुमच्या घरात काही मोडीत निघणार असेल, तर निघू दे. गरज असते, मी कोण सांगणार? फक्त सराफाच्या काट्यावर जायच्या आधी एक काम करा. तो दागिना ज्यांचा आहे, त्यांच्यासमोर फोन ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि तीन गोष्टी विचारा : याचं नाव काय, हा कुणी आणि कशातून केला, आणि हा घातल्यावर तुला कोण काय म्हणालं होतं. तिसरा प्रश्न विसरू नका. खरी गोष्ट त्यातच असते. दागिना वितळला की हे सगळं त्याच्याबरोबर जातं, आणि ते कुठल्याच काट्यावर मोजलं जात नाही.

आणि हो, लग्नाला यायचं हं. हळदीला डीजे आहे, आजी नाचणार आहे.

भेटू पुढच्या भागात. धाटावहून, नमस्कार.